तीन मजली दुकानासाठी मेश वाय-फाय: डबा निवडण्याआधी वायरचा विचार

आपला प्रश्न मी माझ्या शब्दांत पुन्हा मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर इथेच लक्षात येईल. गांधीबागेत आपले कापडाचे तीन मजली दुकान आहे आणि प्रत्येक मजला सुमारे १८ फूट रुंद व ७० फूट खोल आहे. तळमजल्यावर गल्ला आणि फायबरचा डबा, पहिल्या मजल्यावर साड्यांचा विभाग व दुसरे बिलिंग, दुसऱ्या मजल्यावर हिशेबाचे कार्यालय, आणि मागच्या मोकळ्या जागेपलीकडे ४० फुटांवर आपलेच गोदाम, अशी रचना आहे. इंटरनेट २०० एमबीपीएसचे, माणसे १२, आयपी कॅमेरे ८. पहिल्या मजल्यावरचे बिलिंग गर्दीच्या वेळी अडखळते आणि गोदामात तर मोबाइलचाच डेटा वापरावा लागतो. एका विक्रेत्याने तीन डब्यांचा मेश संच (अनेक डबे मिळून एकच वाय-फाय जाळे) सुचवून ‘वायर ओढायची गरजच नाही’ असे सांगितले. दुसऱ्याने वायरशिवाय काम घेणार नाही असे म्हणत जवळपास दुप्पट अंदाजपत्रक दिले. मेश कोणत्या कंपनीचा घ्यावा, असे आपण विचारले आहे.

नागपुरात दुकाने, दवाखाने आणि शिकवणी वर्ग यांची नेटवर्के बसवण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करतो आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर मी बहुतेक वेळा कंपनीच्या नावाने देत नाही. आपल्या दोन विक्रेत्यांमधील मतभेद कंपनीचा नाहीच. एक डबा दुसऱ्या डब्याशी कशाने बोलणार, हा तो मतभेद आहे, आणि आपल्या इमारतीत त्याच्या उत्तरावर बाकी सगळे अवलंबून आहे.

मेशमध्ये दोन वेगळे दुवे असतात. एक आपल्या फोनपासून किंवा संगणकापासून जवळच्या नोडपर्यंत, म्हणजे मेशच्या डब्यापर्यंत. दुसरा त्या नोडपासून मुख्य राउटरपर्यंत. या दुसऱ्या दुव्याला बॅकहॉल म्हणतात. फोनवर वाय-फायच्या पूर्ण कांड्या दिसतात त्या पहिल्या दुव्याच्या. दुसऱ्या दुव्याची अवस्था फोनला दिसतच नाही. म्हणून ‘रेंज पूर्ण आहे, पण बिल निघत नाही’ अशी तक्रार आली की मी प्रथम बॅकहॉलकडे पाहतो. बॅकहॉलही हवेतूनच असेल आणि नोड एकाच रेडिओवरून दोन्ही कामे करत असेल, तर डेटाचे प्रत्येक पाकीट त्याला एकदा ऐकावे लागते आणि एकदा पुन्हा बोलावे लागते. त्यामुळे एका टप्प्यात वेग साधारण निम्म्यावर येतो आणि दोन टप्प्यांत त्याच्याही निम्म्यावर. आपल्या दुकानात तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाताना लोखंडी सळ्यांचे दोन स्लॅब लागतील. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा नोड पहिल्या मजल्याच्या खांद्यावर उभा राहील आणि पहिल्या मजल्यावर ग्राहक वाढले की हिशेबनिसांचे काम मंदावेल.

बॅकहॉल वायरचा असेल तर हा हिशेबच उरत नाही. वायर ही ग्राहकांचे फोन, शेजारच्या दुकानांचे राउटर आणि लोखंडी कपाटे यांच्याशी हवेतील जागेसाठी भांडत नाही. आपल्या दुकानात मला वायर वेगापेक्षा या स्थैर्यासाठी हवी आहे. बिलिंगला वेग फार लागतच नाही. पाच-दहा एमबीपीएस पुष्कळ झाले. त्याला लागते ती दर वेळी, दर सेकंदाला तीच खात्री, आणि नेमकी तीच गोष्ट हवेतला बॅकहॉल देऊ शकत नाही.

नागपूरकरांना सहज पटेल असे एक उदाहरण सांगतो. धंतोलीतील एका दवाखान्यात मी जानेवारीत वायरशिवाय तीन नोड बसवले. भिंती फोडायच्या नाहीत असा त्यांचा आग्रह होता आणि चाचणीत आकडे चांगले आल्यामुळे मीही फार ताणले नाही. एप्रिल उजाडला, प्रतीक्षाकक्षाच्या खिडकीत मोठा कूलर बसला आणि नोंदणीचा संगणक दिवसातून चार-पाच वेळा तुटू लागला. पत्र्याचे मोठे खोके आणि त्यात पाण्याची भरलेली टाकी, असा अडथळा मी स्वतः ठरवून दोन नोडांच्या बरोबर मध्ये ठेवला असता तरी याहून चांगला जमला नसता. पत्रा रेडिओ लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषते. चूक माझी होती. जानेवारीत मोजलेले जाळे मे महिन्यासाठी बसवले, आणि नागपुरात मे महिना हा अपवाद म्हणून सोडून देता येत नाही. शेवटी जिन्याच्या कडेने पट्टी लावून दोन केबल ओढल्या आणि तेच नोड, त्याच जागी, बिनतक्रार चालू लागले. आपल्याकडे कूलर कुठे बसतात हे मला ठाऊक नाही, पण कापडाच्या दुकानात ट्रायल रूमचे मोठे आरसे आणि लोखंडी रॅक असतातच. आरशामागचा धातूचा लेपही लहरी परतवतो.

आता यात काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. जागा भाड्याची असेल, दोन वर्षांत सोडायची असेल, किंवा मालक खिळाही ठोकू देत नसेल, तर वायरचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तेव्हा बॅकहॉलसाठी स्वतंत्र रेडिओ पट्टा (बँड) राखणारा ट्राय-बँड संच घ्यावा आणि त्याच्या मर्यादा आधीच मान्य कराव्यात. एकाच मजल्यावर, मोकळ्या दालनात काम असेल तर एक चांगला राउटर पुरतो आणि मेशचा प्रश्नच येत नाही. विजेच्या तारांमधूनच डेटा नेणारे अडॅप्टरही बाजारात मिळतात. पण आपल्यासारख्या दुकानात थ्री-फेज जोडणी असते, दोन मजले वेगवेगळ्या फेजवर असतात, आणि मग ते अडॅप्टर एकमेकांना नीट ऐकत नाहीत. मी ते बसवणे सोडून दिले आहे. आपली जागा स्वतःची आहे आणि जिना मागच्या बाजूला सलग वर जातो असे आपण लिहिले आहे, म्हणून पुढचे सर्व वायर होणार असे धरून लिहितो.

तसे झाले की संच निवडण्याचे निकष पुष्कळ बदलतात आणि काही ठिकाणी पैसे वाचतात. ट्राय-बँड संचाची जास्तीची किंमत मुख्यतः हवेतल्या बॅकहॉलसाठी असते. प्रत्येक नोड वायरवर असेल तर चांगला ड्युअल-बँड (दोन पट्ट्यांचा), वाय-फाय ६ चा संच आपल्याला पुरेसा आहे. वाय-फाय ७ साठी जास्त पैसे मोजावेत असे २०० एमबीपीएसच्या जोडणीवर आणि १२ माणसांच्या दुकानात मला काहीही दिसत नाही. त्याचा गाजावाजा ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याभोवती आहे, तो पट्टा भिंत आणि स्लॅब यांच्यापुढे ५ गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर दमतो.

याउलट एका गोष्टीकडे खरेदी करताना कोणी पाहत नाही, ती म्हणजे नोडच्या मागचा पोर्ट. स्वस्त मेश संचांमध्ये खोक्यावर ‘१२०० एमबीपीएस’ असे ठसठशीत छापलेले असते आणि मागचा इथरनेट पोर्ट मात्र १०० एमबीपीएसचाच असतो. त्याला वायर जोडली की प्रत्यक्षात ९४-९५ एमबीपीएसच्या वर काही जात नाही, मग केबल कितीही उत्तम असो. वायर्ड बॅकहॉलसाठी प्रत्येक नोडवर गिगाबिट पोर्ट असलाच पाहिजे, आणि शक्यतो दोन, म्हणजे एकात बॅकहॉल आणि दुसऱ्यात बिलिंगचा संगणक थेट लावता येतो. बिलिंगच्या संगणकाला वाय-फायवर ठेवण्याचे मला कधीच कारण सापडलेले नाही. तो जागचा हलत नाही. त्याला वायरच द्यावी.

केबलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या कामात सर्वांत जास्त फसवणूक तिथे होते आणि ती कळते वर्षा-दोन वर्षांनी. डबे पाच-सहा वर्षांत बदलतील. भिंतीतली केबल पंधरा वर्षे तशीच राहील. कॅट ६, पूर्ण तांब्याची, नावाजलेल्या कंपनीची, ३०५ मीटरच्या बंद पेटीतून आपल्यासमोर उघडलेली केबल घ्यावी. बाजारात ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल ‘सीसीए’ नावाने, आणि पुष्कळदा ते नाव न सांगताच, विकली जाते. ती पारखणे सोपे आहे: एक तार सोलून ब्लेडने खरवडावी; आतून पांढरी निघाली तर ती परत करावी. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, ती वाकवताना लवकर तुटते, आणि केबलमधूनच वीज पुरवायची असेल तर लांब अंतरावर व्होल्टेज पडून नोड आपोआप बंद-चालू होत राहतो. कॅट ६ए किंवा त्याहून वरची केबल आपल्याला नको. कॅट ६ वर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत जातो आणि आपले सर्वांत लांब अंतर त्याच्या निम्म्याहून कमी आहे. दुकानात जुनी कॅट ५ई केबल कुठे ओढलेली असेल आणि ती तपासणीत टिकली, तर तीही चालेल. तिच्यावरही गिगाबिट १०० मीटरच जातो.

केबल ओढताना मध्ये जोड नको, विजेच्या तारांच्या पाइपातून नको, आणि जिथे विजेची वायर ओलांडायचीच असेल तिथे काटकोनात ओलांडावी. प्रत्येक मजल्यावर लागेल त्यापेक्षा एक केबल जास्त टाकावी. मजुरी तीच राहते, आणि पुढे एखादा कॅमेरा, हजेरीचे यंत्र किंवा खराब झालेली केबल निघाली की ती जास्तीची केबल उपयोगी पडते. इलेक्ट्रिशियनकडून केबल ओढून घ्यायला हरकत नाही, पण टोकांचे क्रिंपिंग (कनेक्टर दाबून बसवणे) मात्र नेटवर्कवाल्याकडूनच करावे. आठपैकी चारच तारा नीट बसल्या तरी दिवे लागतात, इंटरनेट चालते, आणि दुवा गुपचूप १०० एमबीपीएसवर उतरलेला असतो. मी काम घेतलेल्या निम्म्या तरी ‘मेश स्लो आहे’ तक्रारींत दोष कनेक्टरमध्ये निघाला, मेशमध्ये नव्हे.

आता जोडणीच्या क्रमाकडे येऊ. फायबरचा डबा, त्यानंतर मेशचा मुख्य नोड, त्यानंतर स्विच (एका वायरला अनेक वायर जोडणारा डबा), आणि स्विचपासून बाकीचे नोड, असाच क्रम हवा. अनेक ठिकाणी फायबरच्या डब्यातून थेट स्विचमध्ये वायर नेतात आणि मुख्य नोडसह सगळे नोड त्याच स्विचवर लावतात. मग बाकीचे नोड मुख्य नोडच्या मागे न राहता त्याच्या शेजारी येतात, काही संच त्यांना ओळखतच नाहीत आणि काही वेळा पाकिटे गोल फिरू लागतात. याचे कारण असे की वायर लावली तरी मेशचे नोड हवेतला दुवा पर्यायी म्हणून तयार ठेवतात. वायर आहे हे त्यांना एकमेकांना संदेश पाठवून समजते. हे संदेश बऱ्याच संचांत आयईईई १९०५.१ या मानकानुसार असतात, आणि काही साधे स्विच ते पुढे जाऊच देत नाहीत. तसे झाले की वायरही चालू, हवाही चालू, आणि मध्ये एक वर्तुळ तयार. म्हणून स्विच घेताना तो त्या मेशबरोबर चालतो याची विक्रेत्याकडून लेखी खात्री घ्यावी, आणि थोडे पैसे जास्त पडले तरी वर्तुळ ओळखून पोर्ट बंद करणारा स्विच घ्यावा.

हे मी स्वतः भोगले आहे. एका शिकवणी वर्गात सकाळी सगळे नेटवर्क ठप्प झाले. मी दोन तास राउटर, मेश, इंटरनेट पुरवठादार, सगळ्यांना दोष देऊन झाले. शेवटी बाकाखाली पाहिले तर सफाई करणाऱ्याने लोंबणारी केबल व्यवस्थित दिसावी म्हणून तिचे मोकळे टोकही त्याच स्विचमध्ये खोचून ठेवले होते. त्या माणसाचा हेतू अगदी चांगला होता. तेव्हापासून मी मोकळ्या टोकावर रबरी टोपी आणि प्रत्येक केबलवर नावाची चिठ्ठी लावतो.

आपल्या कॅमेऱ्यांमुळे आणखी एक मुद्दा उपस्थित होतो. फायबरचा डबा आज स्वतःच राउटरचे काम करत असणार आणि कॅमेऱ्यांना त्याच्या मालिकेतील ठरावीक पत्ते दिलेले असणार. त्याच्यापुढे मेश राउटर म्हणूनच लावला तर दोन राउटर एकामागे एक होतात: अर्धी यंत्रे एका जाळ्यात, अर्धी दुसऱ्यात, आणि पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावरचा प्रिंटर दिसेनासा होतो. यावर दोन उपाय आहेत. पुरवठादाराकडून फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे राउटरचे काम बंद करून) टाकून घ्यावा आणि राउटरचे काम मेशकडे द्यावे. तेव्हा मेशला जुनीच पत्तेमालिका दिली तर कॅमेऱ्यांना हात लावावा लागत नाही. पुरवठादार ब्रिज करून देत नसेल तर मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे राउटर न होता फक्त वाय-फाय देणारा म्हणून, चालवावे. हा दुसरा मार्ग सोपा आहे, पण घरगुती संचांमध्ये त्या मोडमध्ये पाहुण्यांचे वेगळे जाळे पुष्कळदा बंद पडते किंवा नावापुरते वेगळे राहते. ग्राहकांना वाय-फाय देणार असाल तर हे खरेदीपूर्वीच तपासावे, कारण ज्या जाळ्यावर टॅलीचा संगणक आहे त्याच जाळ्यावर कोणाचाही फोन येऊ देणे मला मान्य नाही. आणि आठही कॅमेरे वायरनेच रेकॉर्डरपर्यंत न्यावेत. २ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण ४ एमबीपीएस सतत पाठवत असतो. म्हणजे आठ मिळून ३० च्या वर, दिवसरात्र. हे ओझे हवेवर कशाला टाकायचे?

गोदामाचा प्रश्न वेगळा आहे आणि तिथे मी तांब्याची केबल सुचवणार नाही. अंतर ४० फूटच आहे, कॅट ६ सहज पोहोचेल, तरीही नाही. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते आणि आपल्याकडे मे-जूनमधल्या वादळात वीज जवळपास पडली तरी मोकळ्यावरून गेलेल्या तांब्यात झटका उतरतो. हिंगण्याकडच्या एका कारखान्यात कार्यालय ते शेड अशी केबल होती. एका संध्याकाळच्या गडगडाटानंतर दोन्ही टोकांचे स्विच आणि त्यांना लावलेला प्रिंटर गेला. तिथे आता फायबर आहे. दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि इथरनेट जोडणारे छोटे डबे) आणि ड्रॉप फायबरचा (बाहेरून लटकवून नेण्याच्या फायबर केबलचा) एक तुकडा एवढेच लागते, आणि फायबर जोडून देणारा माणूस आपल्या भागातल्या केबलवाल्याकडे मिळतोच. फक्त एवढे पाहावे की काही ड्रॉप केबलमध्ये लटकवण्यासाठी पोलादी तार असते. ती इमारतीच्या बाहेरच तोडावी, नाहीतर वीज टाळण्यासाठी फायबर घेतला आणि लोखंडी तार तशीच आत आणली असे होईल.

गोदामात नोड कुठे लावता यालाही महत्त्व आहे. घरगुती संचांच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान बहुधा ४० अंशांपर्यंतच लिहिलेले असते, आणि नागपुरात मे महिन्यात बाहेरचाच पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याखाली त्याहून कितीतरी जास्त. वाडीच्या एका गोदामात पत्र्याला लागून बसवलेला नोड रोज दुपारी तीनच्या सुमारास स्वतःहून बंद-चालू व्हायचा. तो आठ फुटांवर भिंतीवर खाली आणला आणि तक्रार संपली.

आता ‘कोणता घ्यावा’ यावर येतो. सगळे नोड वायरवर गेले की मेशमध्ये मेशपणा फारसा उरत नाही. उरते ते एकच नाव आणि पासवर्ड, मजल्यावरून मजल्यावर जाताना जोडणी पुढच्या नोडकडे सोपवणे, आणि सगळे एका ॲपमधून पाहता येणे. या तीनही गोष्टी छताला लावायच्या, केबलमधूनच वीज घेणाऱ्या पीओई ॲक्सेस पॉइंटमध्येही मिळतात. म्हणून आपल्यासमोर खरे दोन पर्याय आहेत. एक, टीपी-लिंक डेको किंवा आसूस झेनवायफाय या जातीचा घरगुती मेश, वायरवर. दोन, टीपी-लिंक ओमाडा, युबिक्विटीचे युनिफाय किंवा एचपीईचे इन्स्टंट ऑन (पूर्वीचे अरुबा इन्स्टंट ऑन) या जातीचे व्यावसायिक ॲक्सेस पॉइंट, एका नियंत्रकाखाली.

आपले दुकान मी करत असतो तर दुसरा पर्याय घेतला असता. कारणे सांगतो. कर्मचारी, ग्राहक आणि कॅमेरे यांची जाळी व्हीलॅनने (एकाच वायरवर वेगळी जाळी चालवण्याच्या सोयीने) खरोखर वेगळी करता येतात. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटची शक्ती आणि चॅनल हाताने ठरवता येतो, आणि गांधीबागेसारख्या खेटून असलेल्या बाजारात ते लागतेच: २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि ते आपल्याआधी शेजाऱ्यांनी वाटून घेतलेले असतात. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. पीओईमुळे दुकानातल्या सगळ्या ॲक्सेस पॉइंटची वीज एकाच स्विचमधून जाते, म्हणून तो स्विच, फायबरचा डबा आणि राउटर एका यूपीएसवर ठेवले की वीज गेली तरी तीनही मजले चालू राहतात. घरगुती नोड, काही मोजके अपवाद सोडले तर, प्रत्येक मजल्यावर आपापला अडॅप्टर मागतात. मग प्रत्येक मजल्यावर वेगळा यूपीएस हवा. पीओई स्विच घेताना मात्र तो एकूण किती वॅट देतो ते पाहावे. ८०२.३एएफ मानकाचा पोर्ट १५.४ वॅट आणि ८०२.३एटीचा ३० वॅट देतो, पण सगळे पोर्ट एकाच वेळी तेवढे देतीलच असे नसते.

तरीही पहिला पर्याय चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. व्यावसायिक संच बसवताना तासभर जास्त लागतो आणि बिघडल्यावर तो समजणारा माणूस लागतो. आपल्या विक्रेत्याने आजवर ओमाडा किंवा युनिफाय कधी लावलेच नसेल आणि डेको तीस ठिकाणी लावला असेल, तर आपण डेकोच घ्यावा, ग्राहकांसाठी पाहुण्यांचे जाळे तेवढे नीट तपासून. लग्नसराईत शनिवारी संध्याकाळी जाळे पडले तर अर्ध्या तासात कोण येणार, या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात नसते. दोन्हींपैकी काहीही घेतले तरी एकाच कुळातले घ्यावे. एका कंपनीचा राउटर आणि दुसऱ्या कंपनीचे नोड यांचा मेळ कागदावर बसतो, दुकानात तो क्वचितच बसतो. बिल दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यावे, कारण करसवलतीसाठी आणि वॉरंटीसाठी तोच कागद लागतो.

संख्या आणि जागा यांबद्दल माझा अंदाज असा: तळमजला, पहिला, दुसरा आणि गोदाम, प्रत्येकी एक, एकूण चार. ७० फूट खोलीला एका मजल्यावर दोन लावावेत असे वाटेल, पण जास्त नोड म्हणजे जास्त चांगले असे नाही. ते एकमेकांच्याच आवाजात बोलू लागतात. प्रत्येक मजल्यावर मध्यभागी, पण एकाच्या बरोबर डोक्यावर दुसरा येणार नाही असे थोडे पुढे-मागे लावावेत. फोन कोणत्या नोडला धरून राहायचे हे शेवटी फोनच ठरवतो. ८०२.११के, व्ही आणि आर ही वाय-फायची मानके त्याला सुचवतात किंवा मार्ग सोपा करतात, पण सक्ती करत नाहीत. म्हणून तळमजल्याच्या नोडची शक्ती थोडी कमी ठेवली तर वर गेलेला फोन जुन्या नोडला चिकटून बसत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी, ५ वर ४० पासून सुरुवात करून मोकळी जागा दिसली तरच ८० करावी.

खर्च कमी करायचाच असेल तर डब्यांच्या दर्जात एक पायरी खाली यावे, केबलमध्ये नाही. नोड सुरुवातीला तीनच घेतले आणि गोदामाचा चौथा दिवाळीनंतर लावला तरी काही बिघडत नाही, पण गोदामाचा फायबर आताच टाकून घ्यावा.

काम संपल्यावर पैसे देण्याआधी चार गोष्टी आपल्यासमोर करून घ्याव्यात. ॲपमध्ये प्रत्येक नोडचा बॅकहॉल ‘वायर्ड’ आणि दुव्याचा वेग १००० दिसला पाहिजे, १०० नव्हे. पहिल्या मजल्यावरून राउटरला पाच मिनिटे सतत पिंग करावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येते ते पाहावे. वायरवरच्या संगणकातून उत्तर १-२ मिलिसेकंदांत यावे आणि एकही पाकीट हरवू नये. व्हॉट्सॲपवर कॉल चालू ठेवून तळमजल्यावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत चालत जावे. क्षणभर आवाज अडला तर चालेल, कॉल तुटता कामा नये. बिलिंगच्या आणि हिशेबाच्या जागेवर फोनच्या वाय-फाय ॲपमध्ये ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून चांगला (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) हवा. आणि राउटरचा मुख्य पासवर्ड, कोणती केबल कुठे जाते त्याचा साधा नकाशा आणि ॲपचे खाते आपल्या स्वतःच्या नावावर असावे, विक्रेत्याच्या नव्हे. त्या विक्रेत्याने उद्या धंदा बदलला तर आपल्याच दुकानाच्या जाळ्यात शिरण्यासाठी सगळे डबे रीसेट करावे लागतात, आणि असे मी दरवर्षी दोन-तीन ठिकाणी करतो.

आपल्याकडून मला दोन माहिती मिळाल्या तर नोडांच्या जागा अधिक नेमक्या सांगता येतील: जिना मागच्या भिंतीपासून किती फुटांवर आहे, आणि उन्हाळ्यात प्रत्येक मजल्यावर कूलर कोणत्या खिडकीत बसतो.